मर्यादित खर्चात काइटबोर्डिंग सुरक्षितपणे कसे शिकावे

काइटबोर्डिंग म्हणजे कमरेच्या हार्नेसला, म्हणजे रुंद पट्ट्याला, हवा भरून फुगवलेला मोठा पतंग अडकवून, पायांत फळी घालून, वाऱ्याच्या ओढीने पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याचा एक प्रकार प्रथमच खेळला गेला. तरी आपल्याकडे तो अजून इतका विरळ आहे की शिकू पाहणाऱ्याला धड माहिती देणारे माणूस आसपास सापडत नाही. मी पुण्यात नोकरी करतो. पोहणे सोडले तर पाण्यातला कोणताही खेळ मला येत नव्हता आणि वर्षाकाठी या छंदासाठी बाजूला काढता येईल अशी रक्कमही फार नव्हती. म्हणून मी प्रथम तेच केले, जे बहुतेक नवखे करतात. ओळखीतून स्वस्तात मिळालेला बारा चौरस मीटरचा जुना पतंग विकत घेतला आणि शिकवणीचे पैसे वाचले असे समजून एका मित्राला बरोबर घेऊन किनाऱ्यावर गेलो. पतंग वर चढला, एका बाजूला झुकला, आणि त्याने मला वाळूवरून वीस-पंचवीस पावले पोटावर फरफटत नेले. खांदा सहा आठवडे दुखत राहिला. पतंग हाकायला हातात धरायच्या दांड्यावर, म्हणजे बारवर, एक लाल मूठ होती आणि अशी मूठ ढकलली की पतंगाचा जोर तत्काळ जातो, हे मला पुढे पहिल्या शिकवणीच्या पहिल्या अर्ध्या तासात कळले. पुढचा सारा मजकूर त्या अर्ध्या तासाच्या आधी मला कोणीतरी सांगायला हवा होता, असा आहे.

१. खर्चाचा क्रम आधी ठरवावा

या खेळात किती पैसे लागतात यापेक्षा ते कोणत्या क्रमाने लागतात, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नवखा माणूस आधी साहित्य घेतो आणि उरलेल्या पैशांत शिकवणी बसवू पाहतो. परिणामी साहित्य चुकीच्या मापाचे निघते आणि शिकवणी अपुरी राहते. क्रम याच्या नेमका उलट हवा. आधी पोहण्याची तयारी करावी, मग प्रमाणित प्रशिक्षकाकडे शिकावे, त्यानंतर त्याच ठिकाणी भाड्याच्या साहित्यावर देखरेखीखाली सराव करावा, मग स्वतःच्या अंगाला बसणारा हार्नेस घ्यावा, आणि पतंग, बार व फळी सर्वांत शेवटी घ्यावी.

ढोबळ अंदाज बांधायचा तर दहा तासांच्या शिकवणीसाठी ३०,००० ते ५०,००० रुपये बाजूला ठेवावेत आणि प्रवास, निवास, जेवण यांचा हिशेब वेगळा करावा. युरोपात नव्या पतंगाची किंमत साधारण १,२०० ते १,८०० युरो असते; त्यात बार, फळी, हार्नेस आणि पंप यांची भर पडली की नवीन संच मध्यमवर्गीय नोकरदाराच्या आवाक्याबाहेर जातो. तीन-चार वर्षे वापरलेला, पण नीट सांभाळलेला पतंग याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळू शकतो.

प्रवास रेल्वेने करावा, खोली साधी घ्यावी, गर्दीचे आठवडे टाळावेत, फळी जुनी घ्यावी, वेटसूटऐवजी लांब बाह्यांचा लायक्राचा सदरा घालावा. उष्ण पाण्यात तेवढा पुरतो. मात्र प्रशिक्षक, हेल्मेट, छाती-बरगड्यांचे रक्षण करणारे इम्पॅक्ट वेस्ट आणि चालू स्थितीतील आपत्कालीन सुटका यंत्रणा या चार बाबींत एक रुपयाही वाचवू नये.

२. घरी करण्याची तयारी

खोल पाण्यात न घाबरता, न थांबता निदान दोनशे मीटर पोहता येत नसेल, तर शिकवणीची तारीख पुढे ढकलावी आणि ते पैसे तरणतलावाच्या मासिक पासावर घालवावेत. हात फार बळकट असण्याची गरज नाही, कारण ओढ हार्नेसमार्फत कमरेवर येते. पोट आणि पाठ यांचे स्नायू मात्र तयार असावेत.

लहानपणी संक्रांतीला पतंग उडवलेल्यांना इथे थोडा फायदा आणि थोडा तोटा होतो. पतंग गोता खाऊ लागला की ढील द्यायची, ही सवय उपयोगी पडते. परंतु हातातली दोरी घट्ट धरून ठेवण्याची सवय घातक आहे, कारण या खेळात संकटकाळी पहिली कृती बार सोडून देण्याची असते आणि घाबरलेला माणूस नेमका तोच आवळून जवळ ओढतो. बार जवळ ओढला की जोर वाढतो, दूर सोडला की कमी होतो. ही गोष्ट बुद्धीला पटायला एक मिनिट लागते. हातांना पटायला कित्येक तास लागतात.

दोन चौरस मीटरचा सरावाचा छोटा पतंग उसना मिळाला, तर मोकळ्या मैदानावर काही संध्याकाळी घालवाव्यात. असा सराव झालेल्याचे शिकवणीतले एक-दोन तास सहज वाचतात. मैदानाच्या आसपास विजेच्या तारा, रस्ता किंवा माणसांची वर्दळ असता कामा नये. तेवढ्यासाठी नवा पतंग विकत घेण्यात मात्र अर्थ नाही.

३. वारा ओळखायला शिकावे

हा भाग मी मुद्दाम लांबवून लिहितो आहे. नवख्यांचे बरेचसे अपघात हात चुकल्याने होत नाहीत, तर ज्या वाऱ्यात उतरायलाच नको होते त्यात उतरल्याने होतात.

पहिली बाब दिशेची. शाळेत भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा येतो; रात्री व पहाटे जमीन निवते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत सकाळी उशिरापर्यंत मतलई वारा वाहताना दिसतो आणि दुपारनंतर तो फिरतो. काइटबोर्डिंग करणाऱ्यासाठी मतलई वारा हा सर्वांत फसवा आहे. किनाऱ्यालगत पाणी शांत दिसते, वारा सौम्य वाटतो, आणि काहीही बिघडले की माणूस थेट खोल समुद्राकडे लोटला जातो. बचावाची बोट पाण्यात नसेल तर त्या वाऱ्यात कधीही उतरू नये. याउलट समुद्रावरून सरळ अंगावर येणारा वारा माणसाला वाळूवर, खडकांवर किंवा झाडांवर आणून आपटू शकतो. शिकण्यासाठी सर्वांत चांगला वारा म्हणजे किनाऱ्याला समांतर, पण किंचित जमिनीकडे झुकलेला. असा वारा पुढे जाऊ देतो आणि चुकल्यास हळूहळू काठाशी आणून सोडतो.

दुसरी बाब वेगाची. वाऱ्याचा वेग या खेळात नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. नवख्याने साधारण १२ ते १८ नॉट या पट्ट्यातच राहावे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग १२ वरून १८ झाला तर जोर दीडपट न होता सव्वादोन पट होतो, आणि १० वरून २० झाला तर चौपट. त्यामुळे ‘थोडासाच वाढलाय’ असे किनाऱ्यावर कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नये.

तिसरी बाब झोतांची. अंदाज सांगणाऱ्या विंडी किंवा विंडगुरूसारख्या ॲपवर सरासरी वेगाशेजारी झोताचा वेगही दिलेला असतो. सरासरी १४ आणि झोत १७ असेल तर दिवस चांगला समजावा. सरासरी १४ आणि झोत २६ असेल तर चहा पीत बसावे. ॲपवरचा आकडा हा केवळ अंदाज असतो, म्हणून पाण्याकडे प्रत्यक्ष पाहावे. लाटांवर तुरळक पांढरा फेस दिसू लागला की वारा साधारण दहा नॉटच्या आसपास आहे आणि सर्वत्र फेसच फेस दिसू लागला की नवख्याची मर्यादा संपत आली, एवढे सुरुवातीला पुरेसे आहे.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या ढगांपासून विशेष सावध राहावे. क्षितिजावर काळा ढग उभा राहतो, वारा अचानक पडतो किंवा दिशा बदलतो, अंगाला गार झुळूक लागते, आणि त्यानंतर काही मिनिटांतच वाऱ्याचा वेग दुपटीहून अधिक होऊ शकतो. असा वारा माणसाला उचलून हवेत नेऊ शकतो. गार झुळूक लागण्याची वाट पाहू नये, ढग दिसताच पतंग उतरवावा. वीज कडाडत असेल, तर पंचवीस मीटर ओल्या दोऱ्यांना बांधलेला माणूस किनाऱ्यावरची सर्वांत वाईट जागा अडवून उभा असतो.

पतंगाच्या मापासाठी एक साधे गणित आहे. आपले वजन किलोमध्ये घ्यावे, त्याला २.२ ने गुणावे आणि वाऱ्याच्या नॉटमधील वेगाने भागावे. उत्तर चौरस मीटरमध्ये येते. ७५ किलोच्या माणसाला १५ नॉट वाऱ्यात साधारण ११ मीटरचा पतंग लागेल. हे गणित ढोबळ आहे, नवख्याने उत्तरापेक्षा एक माप लहान घ्यावे. मी वाळूवर फरफटलो त्या दिवशी हे गणित मला ठाऊक नव्हते.

४. ठिकाण आणि हंगाम

महाराष्ट्रातून जाणाऱ्यासाठी तीन ठिकाणे व्यवहार्य आहेत.

तमिळनाडूतील रामेश्वरमचा परिसर हे माझ्या मते कमी खर्चात शिकण्यासाठी सर्वांत योग्य ठिकाण आहे. एका बाजूला पाल्कची सामुद्रधुनी आणि दुसऱ्या बाजूला मन्नारचे आखात असल्यामुळे नैर्ऋत्येचा वारा असो वा ईशान्येचा, कोणत्या तरी किनाऱ्यावर पाणी सपाट आणि उथळ मिळते. उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंतचा आणि जानेवारी ते मार्चचा, असे दोन हंगाम धरता येतात. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे पाऊस असतो. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून शिकता येणे ही मोठी सोय आहे, कारण खोल पाण्यात फळी शोधण्यात आणि पुन्हा पुन्हा परत येण्यात जो वेळ जातो, तोही आपल्या पैशांतूनच जातो. मुंबई–नागरकोविल एक्स्प्रेस पुणे-सोलापूरमार्गे मदुराईला जाते आणि मदुराईहून रामेश्वरम सुमारे १७० किलोमीटर आहे. डिसेंबर २०२२ पासून जुन्या पंबन पुलावरची रेल्वे बंद होती. ६ एप्रिल २०२५ रोजी नवा पूल सुरू झाल्यापासून गाडी पुन्हा बेटापर्यंत जाते. तळाशी प्रवाळ, शिंपले आणि समुद्री साळू (काटेरी सी-अर्चिन) असतात, म्हणून पातळ रबरी बूट घालावेत.

गोव्यातील मोरजी आणि आश्वे-मांद्रे हा पट्टा आपल्याला जवळचा आणि भाषेच्या दृष्टीने सोयीचा आहे. तिथे साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा येतो. तो बहुधा सौम्य असतो, त्यामुळे मोठे पतंग लागतात, आणि वारा पुरेसा न आल्याने वाया जाणारे दिवसही हिशेबात धरावे लागतात. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते; ओहोटीच्या वेळी तिच्या मुखाशी बाहेर ओढणारा प्रवाह असतो, तिकडे फिरकू नये. याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्यासाठी कुंपण घातलेल्या जागेजवळ पतंग पसरू नये.

श्रीलंकेतील कल्पिटियाचे खाजण हे तिसरे ठिकाण. मे ते ऑक्टोबर तिथे वारा भरवशाचा, पण जोरदार असतो. विमानभाड्याचा खर्च वाढतो. तरी सलग आठ-दहा दिवसांची रजा असेल तर वाया जाणारे दिवस कमी असल्याने तासामागचा खर्च कधीकधी कमीच पडतो.

जून ते सप्टेंबर कोकणच्या उघड्या किनाऱ्यावर वारा भरपूर असतो, आणि तो पाहून मोह होतो. त्या काळात लाटा मोठ्या असतात, वारा झोतांचा असतो, समुद्रावरून थेट जमिनीकडे येतो, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असल्याने मदतीला होडीही नसते. तो मोह टाळावा.

५. शाळा निवडताना विचारण्याचे प्रश्न

आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटना, जिला सर्वजण आयकेओ म्हणतात, ती प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देते आणि शिकणाऱ्यांच्या पातळ्या ठरवते. पहिलीत ओळख होते, दुसरीत फळीवर उभे राहणे येते आणि तिसरीत माणूस स्वतंत्र होतो. पैसे भरण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात.

प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र चालू आहे का आणि मला शिकवणारी व्यक्ती तीच असेल का? एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतील? दोघांत एक पतंग ही स्वस्त पडणारी आणि वाईट नसलेली व्यवस्था आहे, कारण दुसऱ्याच्या चुका पाहताना विश्रांतीही मिळते; चौघांत एक पतंग ही फसवणूक आहे. दहा तास म्हणजे पतंग हवेत असतानाचे तास, की पंप मारण्यापासून मोजलेले? वारा आला नाही तर पैसे परत मिळतात, की तास पुढच्या खेपेला वापरता येतात? बचावासाठी बोट आहे का? पतंग फाटला तर भरपाई कोणाची आणि किती?

‘तीन दिवसांत हमखास शिकवतो’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. फळीवर उभे राहून थोडे अंतर जाण्यास बहुतेकांना आठ ते बारा तास लागतात, मला चौदा लागले. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने तिरके वर चढता येणे, ज्याशिवाय आपण निघालो तिथे परत येऊ शकत नाही, त्याला त्यानंतरही बराच सराव लागतो. हातातले पैसे एका आठवड्यात संपवण्याऐवजी सहा-सात तासांची एक खेप आणि काही महिन्यांनी दुसरी, अशी विभागणी करण्याचा मोह होतो. मी तसे केले आणि दुसऱ्या खेपेचे पहिले दोन तास विसरलेले आठवण्यात गेले. शक्य असेल तर रजा साठवून एकदाच, सलग जावे.

६. शिकवणीत काय शिकायचे असते

क्रम साधारण असा असतो. प्रथम जमिनीवर पतंग फुगवणे, दोऱ्या जोडणे आणि सुटका यंत्रणा वापरणे. मग आकाश घड्याळासारखे कल्पून, डोक्यावर बारा आणि दोन्ही बाजूंना नऊ व तीन धरून, पतंग त्या कमानीत स्थिर ठेवणे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यावर समोर खालच्या बाजूला जो पट्टा येतो तिथे पतंगाची ओढ सर्वाधिक असते, कडांना आणि डोक्यावर ती कमी असते. त्यानंतर फळीविना पतंगाच्या ओढीने पाण्यात शरीर ओढत नेणे, मग फळीसह उठणे.

नवखे फळीसाठी उतावीळ असतात आणि शरीर ओढत नेण्याच्या सरावाला कंटाळतात. मीही कंटाळलो होतो. पण पाय सुटून फळी वाऱ्याकडच्या बाजूला राहिली की एक हात पाण्यात नांगरासारखा रोवून, पतंग कडेला ठेवून, नागमोडी तिच्यापर्यंत जावे लागते. हे न येणारे लोक फळीला दोरी बांधतात आणि ताणलेली दोरी सुटून फळी डोक्यावर आदळते. ती दोरी बांधू नये.

सुटकेच्या तीन पायऱ्या झोपेतही म्हणता आल्या पाहिजेत. पहिली, बार सोडणे. दुसरी, चिकन लूपवरची, म्हणजे बारला हार्नेसशी जोडणाऱ्या कडीवरची, मूठ ढकलून मुख्य जोड सोडणे, ज्यानंतर पतंग एकाच दोरीवर फडफडत पडतो. तिसरी, तरीही ओढ थांबली नाही किंवा पतंग दुसऱ्याच्या दोऱ्यांत अडकला तर लीश, म्हणजे पतंगाला आपल्याशी बांधून ठेवणारी शेवटची दोरी, तीही सोडून पतंग जाऊ देणे. तिसरी पायरी घेताना पतंगाची किंमत आठवते, आणि म्हणून माणसे ती उशिरा घेतात.

खोल पाण्यातून स्वतःला वाचवून काठाला येण्याचा सराव निदान दोनदा करून घ्यावा. शाळा घाईत असेल तर आग्रह धरावा. दुसरी पायरी घेतल्यावर आधी ज्या एका दोरीवर पतंग लोंबकळतो ती बारवर काही मीटर गुंडाळायची, म्हणजे पतंगात पुन्हा वारा भरत नाही. मग उरलेल्या दोऱ्या गुंडाळत पतंगापर्यंत पोहोचायचे, आणि त्याच्या पुढच्या हवेच्या नळीतली हवा न काढता त्याचे टोक धरून शिडासारखा वापर करायचा. दोऱ्या बोटांना किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नयेत. त्या डायनीमा नावाच्या अतिमजबूत धाग्याच्या असतात, एकेक दोरी दोनशे किलोंहून अधिक ताण सोसते आणि मांज्यापेक्षा वाईट कापते.

७. जुने साहित्य घेताना

शिकवणी संपून भाड्याच्या साहित्यावर काही तास झाल्यावरच या पायरीकडे यावे. तोवर आपले वजन, आपला हंगाम आणि आपले ठिकाण यांवरून कोणते माप लागेल ते कळलेले असते. एकच पतंग परवडत असेल तर आपण नेहमी जाणार त्या ठिकाणच्या सर्वसाधारण वाऱ्याला साजेसा घ्यावा. सर्व वाऱ्यांत चालणारा पतंग नसतो, विकणारा काहीही सांगो.

हंगामाच्या शेवटी शाळा आपले वापरलेले पतंग विकतात. ते उन्हात खूप वापरलेले असतात, पण त्यांचा इतिहास विचारता येतो. नेदरलँड्स, जर्मनी किंवा ब्रिटनमध्ये कोणी नातेवाईक असेल तर तिथल्या जुन्या बाजारात निवड मोठी असते. मात्र पतंग न पाहता घ्यावा लागतो आणि आणणाऱ्यावर सामानाचा भार पडतो, तेव्हा सीमाशुल्काचे नियम आणि विमान कंपनीची वजनमर्यादा आधी तपासावी.

कापड बोटांत धरून चुरावे. चांगले कापड कुरकुरते, थकलेले कापड जुन्या धोतरासारखे मऊ पडलेले असते. पतंग उन्हाकडे धरून टाचणीएवढी छिद्रे शोधावीत. पुढची नळी पूर्ण फुगवून पतंग रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी नळी थोडी मऊ झाली असेल तर चालेल, वाकत असेल तर ब्लॅडर (नळीच्या आतली हवेची पिशवी) किंवा व्हॉल्व्ह गेला आहे. आपल्याकडे गाडीच्या डिकीत उन्हात राहिलेल्या पतंगांचे व्हॉल्व्ह गोंद सुटून निघतात, म्हणून त्यांभोवती बोट फिरवून पाहावे. चारही दोऱ्या एका खिळ्याला अडकवून समान ताणाव्यात; लांबीत फरक असेल तर पतंग सतत एका बाजूला ओढतो.

शेवटी हार्नेसला चिकन लूप अडकवून, मित्राला बार ओढायला सांगून, पूर्ण ताणाखाली सुटका यंत्रणा एका हाताने उघडून पाहावी. ती एका झटक्यात उघडली नाही तर सौदा तिथेच संपवावा. सुटका यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे मानक २०२० मध्ये आले. शक्य तर त्या मानकाचा बार घ्यावा, मग पतंग थोडा जुना असला तरी चालेल, मात्र तो बार त्या पतंगाला जुळतो याची खात्री करून घ्यावी. मी सुरुवातीला घेतलेल्या पतंगाच्या बारवरची मूठ मिठाने इतकी घट्ट झाली होती की, त्या दिवशी ठाऊक असती तरी ती हलली नसती. तो पतंग पुढे मी फुकट देऊ लागलो, तेव्हा प्रशिक्षकाने तो कोणालाही न देता कापून टाकायला सांगितले, आणि त्याच्या कापडाच्या आता आमच्या घरी चार पिशव्या आहेत.

८. पाण्यात उतरण्यापूर्वी आणि उतरल्यावर

वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे पतंग ज्या बाजूला ओढेल त्या बाजूला, निदान पन्नास मीटर मोकळी जागा हवी. त्यात माणसे, होड्या, जाळी, शॅकचे खांब काहीही नको. दोऱ्या जोडल्यावर बारपासून पतंगापर्यंत चालत जाऊन प्रत्येक दोरी हाताने तपासावी. उलटी जोडलेली एक मागची दोरी पतंगाला वर चढताच गरगर फिरवते. पतंग नेहमी कमानीच्या कडेला धरून, प्रशिक्षित साथीदाराच्या मदतीने उडवावा. मदतीला धावून आलेल्या उत्साही पर्यटकाच्या हाती पतंग देऊ नये. तो चुकीच्या जागी उभा राहतो आणि चुकीच्या क्षणी सोडतो. उतरवायचा असेल तेव्हा डोक्यावर हाताने थापटून खूण करावी.

पाण्यात दोघे समोरासमोर आले तर ज्याचा उजवा हात पुढे आहे त्याला वाटेचा हक्क असतो. एकमेकांना ओलांडताना वाऱ्याकडच्या बाजूचा माणूस पतंग उंच ठेवतो, दुसरा खाली. किनाऱ्यावरून निघणाऱ्याला किनाऱ्याकडे परतणाऱ्याने वाट द्यावी. कोळी बांधवांच्या जाळ्यांपासून आणि होड्यांपासून दूर राहावे. समुद्र त्यांच्या पोटाचा आहे आणि अडचणीच्या वेळी सर्वांत आधी मदतीला तेच येतात. शक्य तर पहिल्याच दिवशी त्यांच्याशी बोलून जाळी कुठे लावली आहेत ते विचारावे. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाच्या भरतीत किनाऱ्याची मोकळी पट्टी किती अरुंद होते, हेही त्यांनाच ठाऊक असते.

९. बरोबर ठेवण्याची कागदपत्रे आणि वस्तू

रामेश्वरमच्या समुद्रात आंतरराष्ट्रीय सागरी सीमा जवळ आहे आणि किनाऱ्यावर विचारपूस होऊ शकते, म्हणून आधार किंवा अन्य सरकारी ओळखपत्र जलरोधक पिशवीत बरोबर असावे. श्रीलंकेसाठी किमान सहा महिने मुदत असलेले पारपत्र आणि प्रवासी परवाना लागतो. आरोग्य विम्याची प्रत घ्यावी, परंतु त्याआधी त्यातील साहसी खेळांविषयीचे कलम वाचावे. अनेक पॉलिसींत ते वगळलेले असते आणि हे रुग्णालयात कळणे महागात पडते. आयकेओचे कार्ड असेल तर पुढच्या ठिकाणी भाड्याने साहित्य सहज मिळते.

वस्तूंमध्ये हेल्मेट, इम्पॅक्ट वेस्ट, हार्नेसला अडकवायचा दोरी कापण्याचा छोटा चाकू, शिट्टी, रबरी बूट, कापड चिकटवण्याची पट्टी, सुटी दोरी आणि भरपूर पिण्याचे पाणी असावे. किनाऱ्यावर थांबणाऱ्या कोणाला तरी आपण किती वाजेपर्यंत परत येणार ते सांगून जावे.

१०. परत आल्यावर

दर दिवसाअखेर बार आणि सुटका यंत्रणा गोड्या पाण्याने धुवावी, मूठ चार-पाच वेळा उघडून-मिटून पाहावी. पतंग उडवायचा नसेल तेव्हा तो फुगवून उन्हात ठेवू नये. पावसाळ्याआधी पतंग पूर्ण कोरडा करून, वाळू झटकून, सैल घडी घालून ठेवावा. ओलसर घडीला पुण्यातसुद्धा बुरशी येते. माळ्यावर ठेवत असाल तर पत्र्याच्या पेटीत ठेवा. आमच्याकडे एका पावसाळ्यात उंदराने हार्नेसचा पट्टा कुरतडला होता.